वारं गेलेल्या अंगाची गोष्ट

आज इतिहास सांगायचा आहे, पण राजा-महाराजांचा नाही. निकामी झालेला हात-पाय पुन्हा हलवायला माणूस कसा शिकला, त्याचा इतिहास. अन् तो सांगताना बायकांचीच नावं जास्त येणार आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्याकडं कुणाला लकवा झाला की म्हणतात, अंगावरून वारं गेलं. शब्द जुना आहे. चरकाच्या ग्रंथातही पक्षाघात हा वाताचाच रोग म्हणून सांगितला आहे, अन् त्यावर तेल, शेक, बस्ती हे उपाय दिले आहेत. पण बोलता बोलता या शब्दानं आपला एक घात केला. वारं म्हणजे बाहेरून येणारं. ते आलं, अंगावरून गेलं, आता आपल्या हातात काही राहिलं नाही, अशी समजूत त्या शब्दाबरोबर घरात शिरते. मग ओसरीत खाट पडते, तेल चोळलं जातं, नवस बोलला जातो अन् माणूस पडून राहतो.

खरं काय बिघडतं, ते आपल्या रानातल्या भाषेत सांगते. मोटार धड आहे, पाइप धड आहे, विहिरीला पाणी आहे. पण डीपी जळाली तर वाफ्यात पाणी येत नाही. लकव्यात हात-पाय धडच असतात, मेंदूतली डीपी जळते. मेंदूला रक्त नेणारी नळी बंद होते, नाहीतर फुटते. पोलिओत विषाणू पाठीच्या कण्यातल्या नसांवर घाव घालतो. झाडावरून पडून कणा मोडला तर मधली लाइनच तुटते. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेलं लेकरू उशिरा मान धरतं, त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. कंपवातात मेंदूतलं एक रसायन कमी पडतं. रोग वेगवेगळे, पण हे सगळे मज्जासंस्थेचे. यांच्यासाठी जी व्यायामाची विद्या उभी राहिली, तिला आपण फिजिओथेरपी म्हणतो. जुन्या पुस्तकांत भौतिकोपचार असा शब्द सापडतो, पण दवाखान्यात तो कुणी बोलत नाही.

अंग चोळण्याची विद्या बायकांपाशी जगभर होती. आपल्याकडं बाळंतिणीला अन् लेकराला न्हाऊ-माखू घालणारी बाई गल्लोगल्ली होती. कोणता सांधा किती वळवायचा, हे तिच्या बोटांना कळायचं. तिला आपण लुगडं-चोळी दिली, पायलीभर ज्वारी दिली, पण तिच्या कामाला विद्या कधी म्हटलं नाही. विलायतेतही तसंच होतं. उलट तिथं मालिश करणाऱ्या बाईकडं वाईट नजरेनं पाहिलं जायचं. म्हणून १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिका एकत्र आल्या अन् त्यांनी शिकलेल्या मालिशकर्त्या बायकांची एक संस्था काढली. परीक्षा ठेवली, नियम केले. आज इंग्लंडात फिजिओथेरपिस्टांची जी मोठी संस्था आहे, तिचं मूळ त्या चौघींत आहे. मला तर तो बचत गटच वाटतो.

पण मालिश वेगळी अन् हालचाल वेगळी. हा फरक जगाला ठणकावून सांगितला तो ऑस्ट्रेलियाच्या खेड्यापाड्यात फिरणाऱ्या एलिझाबेथ केनी नावाच्या बाईनं. तिनं नर्सिंगचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्या काळी पोलिओ झालेल्या लेकराचे पाय डॉक्टर फळ्यांना बांधून नाहीतर प्लास्टरात घालून महिनोन्‌महिने हलू देत नसत. केनी उलटं करायची. लोकरीच्या घोंगडीच्या पट्ट्या कढत पाण्यातून पिळून काढून दुखऱ्या पायाला गुंडाळायची, अन् दुखणं उतरलं की पाय हळूहळू हलवायला शिकवायची. डॉक्टरांनी तिला वेड्यात काढलं. १९४० साली ती अमेरिकेत गेली, अन् १९४२ मध्ये मिनियापोलिस गावात तिच्या नावाची संस्था निघाली. तिच्या बोलण्यातलं शास्त्र सगळंच बरोबर होतं असं नाही, अन् स्वभावानं ती भांडखोर होती म्हणतात. पण लेकरांचे पाय फळ्यांतून मोकळे झाले ते तिच्यामुळं.

आता आपल्या मुंबईत येऊ. १९४० नंतरची गोष्ट. फातिमा इस्माईल नावाच्या बाई होत्या, स्वातंत्र्याच्या चळवळीत वावरलेल्या. त्यांच्या लहानग्या लेकीला पोलिओ झाला. घर बऱ्यापैकी होतं, ओळखीपाळखी होत्या, तरी मुंबईसारख्या शहरात लेकीच्या पायाला व्यायाम देणारं कुणी मिळेना. कुणीतरी मद्रासच्या डॉ. किणींचं नाव सांगितलं. बाई लेकीला घेऊन मद्रासला गेल्या अन् महिनोन्‌महिने तिथं राहिल्या. लेक थोडी सुधारली. पुढं नेमानं व्यायाम हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो कुठं मिळणार? तेव्हा ही सोय होती ती पुण्याला, लष्कराकडं, जखमी शिपायांसाठी. बाईंनी लेकीसाठी तिथलंही दार ठोठावलं, अन् पुण्यात मुक्काम केला.

इथवरची गोष्ट कोणत्याही आईची आहे. आपल्यापैकी कितीजणी लेकराला घेऊन नांदेड, औरंगाबाद, हैदराबाद फिरल्या असतील. फातिमाबाईंचं वेगळेपण पुढं आहे. लेकीसाठी गावोगाव हिंडताना जे पाहिलं, शिकलं, ते त्यांनी आपल्या घरात ठेवलं नाही. १९४७ साली, स्वातंत्र्य मिळायच्या तीनच महिने आधी, त्यांनी पोलिओच्या लेकरांसाठी मुंबईत दवाखाना सुरू केला. जागा नव्हती, तर डॉ. अ. वि. बाळिगा या नामांकित सर्जननी चौपाटीजवळची आपली जागा दिली. त्यातूनच पुढं हाजीअलीचं मुलांचं अस्थिव्यंग रुग्णालय उभं राहिलं. १९५८ साली बाईंना पद्मश्री मिळाली.

दवाखाने निघाले, पण व्यायाम देणारे हात कुठून आणायचे? मुंबईत पोलिओची साथ आली तसा हा प्रश्न टोकाला गेला. परळच्या महानगरपालिकेच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, १९५२ साली. भारतातली ही पहिली. योगायोग असा, की त्याच वर्षी तिकडं केनीबाई वारल्या. केईएममध्येच त्याच्या दोन वर्षं आधी, १९५० ला, आणखी एक शाळा निघाली होती, ऑक्युपेशनल थेरपीची. म्हणजे नुसता हात हलवायचा नाही, त्या हातानं घास खाता यावा, बटण लावता यावं, चपाती लाटता यावी हे शिकवायचं. ती शाळा काढली कमला निंबकर यांनी. या मूळच्या अमेरिकन. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या सूनबाई झाल्या, नाव बदललं, देश बदलला. पुढं अमेरिकेत जाऊन ही विद्या शिकल्या अन् इथं येऊन रुजवली. फलटणच्या एका चांगल्या मराठी शाळेला त्यांचं नाव आहे. १९५५ मध्ये केंद्र सरकारनं हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था काढली. पाच-सहा वर्षांत एवढं सगळं झालं, अन् सगळं मुंबईत झालं.

त्या वेळी आपली परभणी कुठं होती? हैदराबाद संस्थान १९४८ ला भारतात आलं, पण १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच. मुंबई आपली राजधानीसुद्धा नव्हती. मोठा दवाखाना म्हटलं की हैदराबादचं उस्मानिया. मुंबईला जायचं तर छोट्या रुळावरच्या गाडीनं मनमाड, तिथं उतरून दुसरी गाडी. न चालणारं लेकरू काखेला, गाठोडं डोक्यावर. कोण जाणार? मराठवाड्यात पहिलं सरकारी मेडिकल कॉलेज १९५६ ला औरंगाबादला आलं, मग १९७० नंतर अंबाजोगाईला, १९८८ ला नांदेडला. परभणीत डॉक्टर होणाऱ्या मुलांची पहिली तुकडी आली ती २०२३ मध्ये. परळच्या त्या शाळेनंतर ७१ वर्षांनी.

या ७१ वर्षांची खूण अजून आपल्या गावात चालते-फिरते आहे. चाळिशी-पन्नाशीच्या पुढची, प्रत्येक पावलाला गुडघ्यावर हात दाबून चालणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मांडीतली शक्ती गेली, गुडघा दगा देतो, म्हणून हातानं त्याला मागं रेटायचं. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नाही, ज्याची त्यानं शोधली. त्यांच्या आया सांगतात, तापात सुई टोचली अन् पाय गेला. आपण त्यावर हसायचो. पण डॉक्टरांनीच पुढं मान्य केलं, की पोलिओचा विषाणू अंगात असताना मांसात इंजेक्शन दिलं तर त्या पायाला लकवा होण्याचा धोका वाढतो. आयांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे डोस सुरू झाले, २०११ च्या जानेवारीत विषाणूनं झालेला शेवटचा रुग्ण पश्चिम बंगालमध्ये सापडला, अन् २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण जुन्या रुग्णांचं काम संपलं नाही. इतकी वर्षं जास्तीचा भार उचललेल्या नसा उतारवयात थकतात, धड असलेला पायही दुखायला लागतो. त्यांना 'आळशी झालास' म्हणून जोरात व्यायाम करायला लावू नका. त्यांना बेतानं व्यायाम अन् मधे मधे विसावा लागतो.

आता कणा मोडलेल्यांची गोष्ट. ही मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण यात औषध जवळजवळ नाहीच. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कंबरेखालचं अंग गेलेला शिपाई म्हणजे मेलेलाच धरायचे. तो कण्याच्या जखमेनं मरत नसे. पाठीला, माकडहाडाला पडलेल्या जखमा सडून नाहीतर लघवीची लागण होऊन मरत असे. इंग्लंडातल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ साली लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर आले. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू. त्यांनी एक साधा नियम घातला: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. दिवसा अन् रात्रीही. मग बसवायचं, हातात काम द्यायचं, चेंडू द्यायचा. माणसं जगायला लागली. १९४८ मध्ये त्यांनी चाकाच्या खुर्चीवरच्या रुग्णांच्या खेळांच्या स्पर्धा भरवल्या. त्यातूनच पुढं दिव्यांगांचं ऑलिम्पिक, म्हणजे पॅरालिम्पिक निघालं.

अन् त्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक आणलं सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी. लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक गोळी कण्याजवळ रुतून बसली, कंबरेखालचं बळ गेलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. पाण्यात अंगाचा भार हलका होतो, जे बळ जमिनीवर पुरत नाही ते पाण्यात पुरतं. उपचार म्हणून सुरू झालेलं पोहणं त्यांना १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गपर्यंत घेऊन गेलं. ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत. पद्मश्री मात्र २०१८ ला मिळाली. आता त्यांच्यावर सिनेमाही निघाला आहे. सिनेमात पदक दिसतं. पण त्या आधी महिनोन्‌महिने कूस बदलणारे, अंग पुसणारे, उचलून बसवणारे जे हात असतात, ते पडद्यावर फार वेळ दाखवत नाहीत. पुण्याजवळ खडकीला लष्कराचं असं पुनर्वसन केंद्र आहे, तिथं हे हात पगारी असतात. आपल्या घरात ते सुनेचे असतात, बायकोचे असतात, शाळा सोडून घरी बसलेल्या पोरीचे असतात.

लकव्याच्या बाबतीतली मोठी अडचण म्हणजे आपली माया. 'आता तुम्ही पडून राहा, आम्ही करतो सगळं.' घास भरवायचा, पाणी तोंडाला लावायचं, काही लागलं तर उजव्या हातानं भागवायचं, कारण डावा गेला. १९४३ साली लंडनमध्ये बर्टा बोबाथ नावाच्या बाईपुढं असाच एक रुग्ण आला, एक चित्रकार. त्या काळची रीत अशी होती, की गेलेल्या बाजूचा नाद सोडा, धड बाजूच्या बळावर जगायला शिका. बोबाथबाईंनी गेलेल्या बाजूवरच काम सुरू केलं. ताठलेला हात कसा सैलावतो, कोणत्या बाजूला कलल्यावर पाय भार घेतो, हे त्या हातानं चाचपत गेल्या. पुढं अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. धड हात मोजा घालून बांधून ठेवायचा अन् दुबळ्या हातालाच काम करायला लावायचं, रोज काही तास. ज्यांच्या हातात थोडीशी हालचाल शिल्लक होती, त्यांच्यात फरक पडला. मेंदूतली जळालेली डीपी दुरुस्त होत नाही, पण शेजारच्या डीपीवरून लाइन ओढता येते, एवढं यातून कळलं. ही लाइन मालिशनं ओढली जात नाही. रुग्णानं स्वतः, पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा प्रयत्न केल्यानंच ओढली जाते. आपल्या करडईच्या तेलाचा मला राग नाही. तेलानं कातडी मऊ राहते, माणसाला बरं वाटतं. पण चोळणारी घामाघूम अन् चोळून घेणारा निवांत, असा व्यायाम कामाचा नाही. अन् एक गोष्ट ऐकून ठेवा: लकवा झालेल्या माणसाला उठवताना त्याचा गेलेला हात धरून ओढू नका. खांदा निखळतो, अन् मग ते दुखणं लकव्यापेक्षा जास्त छळतं.

ही विद्या मुंबई-पुण्याच्या पुढं खेड्यात न्यायची कशी, याचं एक उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्याला लागून जामखेडला मिळालं. रजनीकांत अन् मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं १९७० साली तिथं काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना, त्यात अक्षरओळख नसलेल्याही होत्या, आरोग्य शिकवलं, अन् त्या गावाच्या डॉक्टरीणबाई झाल्या. जगानं ते पाहिलं. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात आरोग्याची मोठी जागतिक परिषद झाली, तिच्या विचारामागं जी उदाहरणं होती त्यात जामखेड होतं. त्याच विचारातून पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं दिव्यांगांचं पुनर्वसन गावातच, घरच्यांच्या हातून करायचं धोरण आणलं. मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका खेड्यात तर दिव्यांग तरुणांनीच हे काम हाती घेतलं. त्यांच्या अनुभवावरून डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये एक जाडजूड चित्रमय पुस्तक लिहिलं. त्यात चालायचा सराव करायला दोन समांतर बांबू जमिनीत कसे रोवायचे, ते काढून दाखवलं आहे. चार खुंट, दोन बांबू, सुतळी. रुग्णाच्या कंबरेच्या उंचीला. आपल्या कोणत्याही गावात तासाभरात होईल असं काम आहे.

कागदावर आज बरंच काही आपल्या बाजूनं आहे. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत अन् शाळेत लेकरं तपासायला जी गाडी येते ती याचीच. मान उशिरा धरणारं, न बसणारं लेकरू त्या पथकाला दाखवलं, तर त्यांनी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं असतं, तिथं फिजिओथेरपी फुकट आहे. 'मुलगा आहे, उशिरा चालेल' म्हणून दोन वर्षं थांबू नका. लहान मेंदू लवकर शिकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले, त्यात सेरेब्रल पाल्सी अन् कंपवातही आहे. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलं की पुढच्या योजनांचं दार उघडतं. पण जिंतूरच्या नाहीतर पालमच्या वाडीवरून आठवड्यातून तीनदा परभणीला रुग्ण नेणं कुणाच्या खिशाला झेपतं? रिक्षा, एसटी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. म्हणून फिजिओथेरपिस्टकडं जायचं ते व्यायाम करून घ्यायला नव्हे, शिकून घ्यायला. महिन्यातून एकदा, घरातली दोन माणसं घेऊन. दोन म्हणते, कारण एकटीनं शिकलं की ती एकटीच अडकते. अन् त्यातला एक घरातला गडी असू द्या.

आणखी एक बोलते, जरा कडू आहे. गड्याला लकवा झाला तर बायको असते. बाईला झाला तर? तिची खाट कुठं पडते अन् तिची कूस दोन तासांनी कोण बदलतं, हे आपल्या गटाच्या बैठकीत एकदा नावानिशी मोजून पाहा. मी आकडा सांगत नाही, तुमच्या गावातला तुम्हीच काढा.

शेवटी कंपवाताचं राहिलं. यात माणूस चालता चालता जागीच थिजतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझाइन शिकलेल्या मुलीच्या काकांना हा आजार होता. तिनं एक गंमत पाहिली. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सरसर चढायचे-उतरायचे. मग तिनं घरातल्या सपाट फरशीवर जिन्याचं चित्र घातलं, अन् काका त्यावरून न अडखळता चालत गेले. पायाला नजरेपुढं पुढची पायरी दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेनं हुकूम सोडतो. टाळाच्या, टाळ्यांच्या ठेक्यानंही असंच होतं, एक-दोन, एक-दोन म्हटल्यानंही. तुमच्या घरात असं माणूस असेल तर ओसरीपासून मोरीपर्यंत एकेका पावलाच्या अंतरानं चुन्याच्या आडव्या रेघा ओढा. पहिल्या दिवशी त्यांच्या बाजूला, एक पाऊल मागं, कंबरेजवळ हात धरून राहा, अन् म्हणा, 'बापू, रेघेवर पाय द्या.'